पॅट्रिक गेडिस : वस्तीत राहून वस्ती सावरणारा नगररचनाकार

इंदूरच्या जुन्या पिढीत गेडिससाहेबांचे नाव निघे ते दिवाळीतल्या मिरवणुकीमुळे. परंतु त्या मिरवणुकीचे मूळ स्कॉटलंडमधील एका काळवंडलेल्या चौकात आहे.

बॅलटर या गावी २ ऑक्टोबर १८५४ रोजी जन्मलेले सर पॅट्रिक गेडिस हे मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ. हक्स्ली यांचे शिष्य. मेक्सिकोत काही काळ दृष्टी गेली, सूक्ष्मदर्शक दुरावला आणि त्यांचे लक्ष माणसांच्या वस्तीकडे वळले.

एडिंबरोचे जुने नगर किल्ल्यापासून उतरणाऱ्या अरुंद डोंगरकण्यावर वसलेले. रस्त्याच्या दुतर्फा उंचच उंच इमारती, त्यांच्या पोटात अंधारे बोळ. पूर्वी तेथे थोर-सामान्य एकाच जिन्याने चढउतार करीत. प्रतिष्ठा मजल्यागणिक बदले, इतकेच. लॉनमार्केटमधील जेम्स कोर्टात तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम राहत असत. १७६७ साली जेम्स क्रेग यांच्या आराखड्यानुसार उत्तरेस नवे नगर आखले गेले आणि सधन कुटुंबे एकामागून एक तिकडे निघून गेली. त्यांच्या दिवाणखान्यांत मग खोलीखोलीत एकेक गरीब संसार दाटला.

१८८६ साली ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर या दांपत्याने बिऱ्हाड थाटले ते याच जेम्स कोर्टात. शेजाऱ्यांना हाताशी धरून साफसफाई केली, भिंती रंगविल्या, खिडक्यांत फुलझाडे लावली. अगदीच मोडकळीस आलेले तेवढे पाडायचे, बाकीचे दुरुस्त करायचे, ही त्यांची रीत. पुढे विद्यार्थ्यांची वसतिगृहे झाली, रॅम्झे गार्डनची घरे उभी राहिली. ती घरे मात्र प्रामुख्याने सुशिक्षितांच्या वाट्याला आली, हेही नमूद केले पाहिजे.

१९१४ साली ते भारतात आले. १९१७ मध्ये थोरला मुलगा फ्रान्समधील युद्धात पडला. त्याच वर्षी ॲनाबाईही भारतात निवर्तल्या. हे दुःख उरी घेऊन त्यांनी होळकर दरबारासाठी इंदूरचे काम केले. दिवाळीची मिरवणूक सर्वांत स्वच्छ रस्त्यांनी जाईल, असे जाहीर करताच मोहल्लेच्या मोहल्ले झाडूनपुसून लख्ख झाले. मिरवणुकीत प्लेगचा प्रचंड उंदीरही होता. १९१८ साली त्यांचा द्विखंडात्मक अहवाल प्रसिद्ध झाला. मिरवणुकीच्या मानाने तो आपल्याकडे फारच थोड्यांनी वाचला. जुनी घरे सरसकट पाडून रस्ते काढण्याऐवजी हलक्या हाताने दुरुस्ती करावी, हाच आग्रह त्यात आहे.

१९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवून ते परतले. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.