वर्नर फोर्समन

आमच्या मूर्तिजापुराहून अकोल्यास किंवा नागपुरास जाऊन हृदयाची अँजिओग्राफी करून आलेले वडीलधारे आतां पुष्कळ घरांत आढळतात. मनगटावर किंवा जांघेंत एक लहानशी जखम, एवढीच तिची खूण. ह्या विद्येचा पाया घालणारे वर्नर फोर्समन ह्यांचें चरित्र आम्ही येथें सांगतों.

त्यांचा जन्म १९०४ सालीं बर्लिन शहरीं झाला. १९२९ सालीं ते एबर्सवाल्ड येथील लहानशा रुग्णालयांत उमेदवार वैद्य होते. हृदयास नळी लागतांच माणूस दगावेल, अशी तेव्हां वैद्यांची समजूत. वरिष्ठांनीं परवानगी नाकारली. तेव्हां त्यांनीं गेर्डा डिट्झेन नांवाच्या परिचारिकेचें मन वळविलें. शस्त्रांच्या कपाटाची किल्ली तिच्यापाशीं असे. प्रयोग आपल्यावर व्हावा म्हणून ती मेजावर निजली. फोर्समन ह्यांनीं तिला बांधलें आणि तिच्या नकळत स्वतःच्याच डाव्या कोपराजवळची शीर उघडून नळी आंत सारली! मग तिला सोडवून, नळी तशीच ठेवून, ते जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलींत गेले. नळी ६५ सेंटीमीटर आंत गेली. छायाचित्रांत तिचें टोंक हृदयाच्या उजव्या कप्प्यांत दिसलें. धाडस खरें, परंतु त्या बाईस फसविलें, हें आम्हांस रुचत नाहीं.

पुढें उपेक्षाच वांट्यास आली. ते मूत्ररोगांचे वैद्य झाले. १९३२ सालीं ते नाझी पक्षांत शिरले, हा डाग झांकतां येत नाहीं. युद्धांत कैदही भोगली. इकडे अमेरिकेंत कूर्नां आणि रिचर्ड्स ह्यांनीं ती रीत वाढविली, आणि १९५६ सालीं तिघांस मिळून नोबेल पारितोषिक मिळालें.

भय होतें हृदयाचें. त्रास मात्र पुष्कळदां नळी शिरते त्या दारापाशींच होतो. फोर्समन ह्यांनीं निळी शीर निवडली. तींत रक्ताचा दाब थोडा. जांघेंतील रोहिणींत तो फार. तिचें छिद्र नीट मिटलें नाहीं तर रक्त मांसांत सांचून गांठ येते, क्वचित् वाहिनीबाहेर ठोके देणारी पिशवी बनते. गुठळी अडकल्यास पाय गार पडतो. १९५३ सालीं स्वीडनच्या सेल्डिंगर ह्यांनीं वाहिनी न चिरतां सुई व तार ह्यांच्या साह्यानें नळी घालण्याची युक्ति काढली. मनगटाची रोहिणी उथळ, खालीं हाड, म्हणून ती दाबून धरणें सोपें. यामुळें आतां तोच मार्ग पुष्कळ पसंत करतात. जांघेची जखम असेल तर आजोबांस पाय न वांकवितां पडून राहावें लागतें. नातवंडांनीं त्यांना उठूं देऊं नये. सूज वाढली, रक्त आलें किंवा पाय गार वाटला, तर तत्काळ डॉक्टरांस कळवावें.

फोर्समन १९७९ सालीं वारले.