कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि बाबासाहेबांची पत्रं

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या सहकाऱ्यांना पुष्कळ पत्रं लिहिली. त्यातली कितीतरी नाशिकच्या भाऊराव कृष्णाजी गायकवाडांना, म्हणजे आपल्या कर्मवीर दादासाहेबांना लिहिलेली आहेत.

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या आंबे दिंडोरी गावी झाला. बाबासाहेबांपेक्षा ते अकरा वर्षांनी लहान. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याची मोठी भिस्त दादासाहेबांवरच होती. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, तरी इकडं लढा चालूच राहिला. लोकांनी दगड झेलले, तुरुंग भोगला. पण मंदिराचं दार काही उघडलं नाही.

चार वर्षं गेली. १९३४ ची रामनवमी जवळ आली. पुन्हा सत्याग्रह करावा का, असं दादासाहेबांनी विचारलं. ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी स्पष्ट कळवलं, की आता नको. आपले लोक मूर्तिपूजक व्हावेत म्हणून हा लढा नव्हताच. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, ते जागे व्हावेत, म्हणून होता. ते काम झालं. आता सारी ताकद राजकारण आणि शिक्षणाकडं लावायची.

ज्या दारासाठी मार खाल्ला, तिथून मागं फिरा असं माणसांना सांगणं सोपं नसतं. पण दादासाहेबांनी बाबासाहेबांची साथ सोडली नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला नाशिक जिल्ह्यातच, येवल्याला, धर्मांतराची घोषणा झाली. १९३७ ला स्वतंत्र मजूर पक्षाकडून दादासाहेब मुंबई विधानसभेत गेले आणि १९५७ ला लोकसभेत. बाबासाहेबांच्या पश्चात त्यांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले. गायरानाच्या तुकड्यावर पोट असलेल्या आपल्या मराठवाड्याला त्या लढ्याचं मोल वेगळं सांगायला नको. २९ डिसेंबर १९७१ ला त्यांचं निधन झालं.

दादासाहेबांनी ती पत्रं जपली, म्हणून तर मंदिराकडून शाळेकडं आपली वाट कशी वळली, हे बाबासाहेबांच्याच शब्दांत आज कळतं. चुडाव्यातल्या उपासक-उपासिकांनो, आपल्याही घरात आजोबांच्या पेटीत एखादं जुनं पत्र, सभेचं पत्रक, वर्गणीची पावती असेल. रद्दीत घालू नका. विहारात आणून दाखवा, लेकरांना वाचून दाखवा. जयभीम!