शितावरून भाताची परीक्षा

निवडणुकीची चाहूल लागली की राजधानीतील पक्ष कार्यालयांत 'अंतर्गत सर्वेक्षणा'ची कुजबुज सुरू होते. कोणत्या आमदाराविषयी मतदारसंघात नाराजी आहे, कोणाचे तिकीट कापले जाणार, याची उत्तरे त्यात असतात म्हणे. ते सर्वेक्षण स्वतः पाहिल्याचे मात्र शपथेवर कोणी सांगत नाही. २०१७ साली दिल्लीच्या तिन्ही महापालिकांच्या निवडणुकीत भाजपने एकाही विद्यमान नगरसेवकाला उमेदवारी दिली नाही, तेव्हा निदान सर्वेक्षणाची गरज तरी उरली नव्हती. लोकप्रतिनिधीची लोकप्रियता टक्क्यांत मोजता येते, हा समज आता इतका रुळला आहे की तो मुळात एका माणसाने चिकाटीने रुजविला, याचा विसर पडतो. तो माणूस म्हणजे जॉर्ज गॅलप.

गॅलप यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्याच्या जेफरसन या छोट्या गावी झाला. वडिलांचा दुधाचा व्यवसाय होता. आयोवा विद्यापीठात शिकताना गॅलप विद्यार्थ्यांच्या दैनिकाचे संपादक झाले आणि वाचक नेमके काय वाचतो, या प्रश्नाने त्यांना पछाडले. विचारले तर वाचक अग्रलेख वाचतो असे सांगतो. पण वृत्तपत्र त्याच्यासमोर उघडून पानामागून पान विचारत गेले, तर त्याची नजर व्यंगचित्रमालिका आणि छायाचित्रांवर अधिक रेंगाळल्याचे आढळते. याच पद्धतीवर त्यांनी १९२८ मध्ये डॉक्टरेट मिळविली. राजकीय विश्लेषणाची पाने लिहिणाऱ्यांना हा निष्कर्ष आजही फारसा सुखावह वाटू नये. माणूस स्वतःविषयी जे सांगतो आणि प्रत्यक्षात जे करतो, त्यांतील अंतर गॅलप यांना राजकारणात शिरण्यापूर्वीच उमगले होते, एवढे खरे.

१९३२ मध्ये ते न्यूयॉर्कच्या 'यंग अँड रुबिकॅम' या जाहिरातसंस्थेत रुजू झाले. त्याच वर्षी त्यांच्या सासूबाई ओला बॅबकॉक मिलर आयोवाच्या राज्य सचिवपदासाठी उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला. राजकीय चाचणीचा पहिला प्रयोग जावईबापूंनी घरातल्याच निवडणुकीवर केला, असे सांगितले जाते. तीन वर्षांनी, १९३५ मध्ये, त्यांनी प्रिन्स्टन येथे 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन' स्थापन केली आणि चाचण्यांचे निष्कर्ष सदराच्या रूपाने वृत्तपत्रांना पुरविण्यास प्रारंभ केला.

खरी कसोटी १९३६ ची. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने त्यापूर्वीच्या अध्यक्षीय निवडणुकांचे निकाल अचूक सांगून मोठा दबदबा निर्माण केला होता. त्या वर्षी त्याने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या, तेवीस लाखांच्या आसपास परत आल्या आणि रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन सहज जिंकणार, असे भाकीत झाले. गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर रूझवेल्ट यांच्या बाजूने कौल दिला. एवढ्यावर न थांबता डायजेस्टचा निष्कर्ष काय निघेल आणि तो का चुकेल, हेही त्यांनी मतपत्रिका रवाना होण्याआधीच जाहीर करून टाकले. भाकीत चुकल्यास वर्गणीचे पैसे परत, अशी हमी वृत्तपत्रांना दिलेली होती. रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. डायजेस्ट १९३८ मध्ये बंद पडले.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. ती खरी ठरते, कारण भात सगळीकडून सारखा शिजलेला असतो. समाज तसा शिजलेला नसतो. डायजेस्टने डावभर भात काढला, पण तो वरवरचा. टेलिफोन आणि मोटार बाळगणाऱ्यांच्या याद्यांतला. शिवाय मतपत्रिका परत पाठविण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे यांची मतेही सारखी नव्हती. गॅलप यांनी शिते मोजकीच घेतली, पण भांड्याच्या निरनिराळ्या भागांतून. अर्थात, रूझवेल्ट यांना त्यांनी सुमारे ५६ टक्के मते दिली होती आणि प्रत्यक्षात जवळपास ६१ टक्के पडली, हे या विजयाच्या कथेत सहसा सांगितले जात नाही.

गॅलप यांना निवडणुकांच्या भाकितांपेक्षा दोन निवडणुकांमधला काळ महत्त्वाचा वाटे. कायदेमंडळातील सदस्याच्या कानी संघटित गटांच्या तारा आणि पत्रे पडतात, सामान्य मतदाराचा आवाज पडत नाही, हे त्यांचे दुखणे होते. १९४० मध्ये सॉल रे यांच्यासमवेत लिहिलेल्या 'द पल्स ऑफ डेमॉक्रसी'चा हाच गाभा. त्याचे जळजळीत उदाहरण त्यांच्याच चाचणीत आहे. जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्ध संघराज्याने कायदा करावा, याला १९३७ मध्ये देशात आणि दक्षिणेतही बहुमत असल्याचे त्यांना आढळले. प्रतिनिधीगृहाने विधेयक संमत केले. सिनेटमध्ये १९३८ च्या प्रारंभी दक्षिणेच्या सदस्यांनी आठवडेच्या आठवडे भाषणे करून ते मारले. जनमत कळूनही प्रतिनिधी हलले नाहीत. पण याच ठिकाणी गॅलप यांच्या पद्धतीचेही वैगुण्य उघडे पडते. ज्यांच्या हत्या होत होत्या, ते दक्षिणेतील कृष्णवर्णीय त्यांच्या नमुन्यात जवळपास नव्हतेच. मतदानाला जाणाऱ्यांचेच प्रतिबिंब त्यांनी धरले होते आणि कृष्णवर्णीयांना मतपेटीपाशी फिरकू दिले जात नव्हते. जनतेचा आवाज म्हणून जो छापला गेला, त्यातून जनतेचा एक भाग आधीच वगळला गेला होता.

१९४८ मध्ये नियतीने हिशेब चुकता केला. डेवी यांना ४९.५ आणि ट्रूमन यांना ४४.५ टक्के, असा गॅलप यांचा अखेरचा अंदाज. मुलाखती मतदानाच्या बऱ्याच आधी थांबविल्या होत्या, आणि ठरावीक वयाची, उत्पन्नाची इतकी माणसे निवडण्याचे काम मुलाखतकाराच्या मर्जीवर सोडले होते. ट्रूमन जिंकले. काही वृत्तपत्रांनी सदर बंद केले. समाजशास्त्रज्ञांच्या समितीने चाचण्यांची झाडाझडती घेतली. गॅलप यांनी चूक मान्य केली, पद्धत बदलली, शेवटच्या दिवसांपर्यंत विचारणा सुरू ठेवण्याचा दंडक घातला. त्याच ट्रूमन यांच्या कामगिरीवरील पसंती ८७ टक्क्यांवरून २२ टक्क्यांपर्यंत घसरल्याची नोंद पुढे त्यांच्याच संस्थेने केली.

पक्षांसाठी किंवा उमेदवारांसाठी चाचणी करायची नाही, हे पथ्य त्यांनी पाळले. आपल्याकडची सर्वेक्षणे ज्या गुप्ततेत आणि ज्यांच्या खर्चाने होतात, ते पाहता हा तपशील लहान नाही. दिल्लीत एरिक डिकोस्टा यांनी पन्नासच्या दशकात गॅलप यांच्याच धर्तीवर 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन' उभारली. तिच्या पाहण्या प्रकाशित होत. आमदारांच्या प्रगतिपुस्तकाचे आजचे आकडे मात्र पक्षाध्यक्षांच्या कपाटात राहतात. ज्याने उत्तर दिले त्या मतदाराला ते कधी दिसत नाहीत.

काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी कायदेमंडळाच्या, कामगिरीविषयी गॅलप संस्था १९७४ पासून नियमितपणे विचारू लागली. नोव्हेंबर २०१३ मध्ये पसंती ९ टक्क्यांवर आली. पुढच्याच वर्षी फेरनिवडणुकीस उभे राहिलेले प्रतिनिधीगृहाचे सुमारे ९५ टक्के सदस्य पुन्हा निवडून आले. सभागृह नकोसे आणि आपला सदस्य हवासा, ही मतदाराची तऱ्हा चाचणीने दाखविली. तिचा उलगडा एका आकड्यात होण्यासारखा नाही.

२६ जुलै १९८४ रोजी स्वित्झर्लंडमधील त्शिंगेल या खेड्यात हृदयविकाराने गॅलप यांचे निधन झाले. त्या नोव्हेंबरची निवडणूक त्यांच्याविना झालेली पहिली. त्यांच्या संस्थेने रेगन यांना ५९ टक्के मते मिळतील, असे सांगितले होते. त्यांना ५८.८ टक्के मिळाली.