संत मोनिकेची अखेरची इच्छा

ज्युबिलीच्या ह्या मंगल समयी, आपल्या कबरस्तानात विसावलेल्या वाडवडिलांचे स्मरण होणे साहजिक आहे. मृतांची इच्छा कशी पाळावी, ह्याचा उत्तम धडा संत मोनिकेच्या चरित्रात सापडतो. म्हणून ते आम्ही येथे संक्षेपाने देत आहोत.

मोनिकेचा जन्म सुमारे ३३२ साली उत्तर आफ्रिकेतील तागास्ते गावी झाला. तिचा पती पात्रिसियुस हा अख्रिस्ती व तापट होता. तिच्या सोशिकपणामुळे अखेरीस तोही ख्रिस्ताचा झाला. तो निवर्तल्यावर मोनिकेने त्याच्या शेजारीच आपल्या कबरेची सोय करून ठेविली. मरणानंतरही पतीची सोबत सुटू नये, ही तिची फार दिवसांची आस होती.

ज्याच्यासाठी तिने वर्षानुवर्षे अश्रू ढाळिले, त्या पुत्र ऑगस्टीनने ३८७ साली मिलान येथे बाप्तिस्मा घेतला. मग मायदेशी परतताना ओस्तिया बंदरी गलबताची वाट पाहत असता मोनिका तापाने आजारी पडली. आपणांस येथेच पुरावे, असे तिने पुत्रांस सांगितले. ऑगस्टीनचा भाऊ नाविगियुस कळवळला. आईने स्वदेशी देह ठेवावा, असे तो म्हणाला. तिने त्याजकडे नापसंतीने पाहिले. देह कोठेही ठेवा, त्याची चिंता नको. मात्र जेथे असाल तेथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा, एवढेच तिने मागितले. परमुलखात देह ठेवण्याचे भय वाटत नाही काय, असे कोणी विचारता, देवास कोणतेही स्थळ दूर नाही, असे तिने उत्तर दिले. आजाराच्या नवव्या दिवशी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, तिने प्राण सोडिला.

तागास्तेची कबर रिकामीच राहिली. पुत्रांनी तिचा अखेरचा शब्द प्रमाण मानिला. तेथील रीतीप्रमाणे प्रेत कबरेपाशी ठेवून, मूठमाती देण्यापूर्वी, तिच्यासाठी पवित्र यज्ञ अर्पण करण्यात आला. पुढे ऑगस्टीनने आपल्या आत्मचरित्रात वाचकांसही विनविले की, त्यांनी वेदीपाशी आपल्या मातापित्यांचे स्मरण करावे. बिशप झाल्यावर त्याने मृतांविषयीच्या कर्तव्यावर एक ग्रंथही लिहिला. अंत्ययात्रेचा थाट जिवंतांच्या समाधानासाठी असतो, मृतांस उपयोगी पडतात ती मिस्सा, प्रार्थना व दानधर्म. तथापि देहाची हेळसांड करू नये, असा त्याचा आशय आहे.

१४३० साली मोनिकेचे अवशेष रोम येथे नेण्यात आले. १९४५ साली ओस्तियात तिच्या जुन्या कबरलेखाच्या शिळेचा तुकडा सापडला. स्थळ पालटले, शिळा भंगली. परंतु वेदीपाशी होणारे तिचे स्मरण आजतागायत खंडले नाही.

धर्मग्रामस्थहो, आज पुष्कळांची मुले दूरदेशी आहेत. आईबापांस कोठे पुरावे, ह्यावरून भावाभावांत वितुष्ट आलेले आम्ही पाहिले आहे. मोनिका शुद्धीवर असतानाच स्पष्ट बोलली, म्हणून तिच्या घरी वाद उरला नाही. तेव्हा आपणही आपली इच्छा मुलांस व धर्मगुरूंस वेळीच सांगून ठेवावी. आणि मुलांनो, कबरेवर संगमरवर बसविला म्हणजे ऋण फिटले असे समजू नका. आईच्या नावे शेवटची मिस्सा केव्हा अर्पिली, हे आज घरी जाऊन आठवून पाहा.