समाधानी लक्ष्मीबाई

येवला म्हटले की पैठणी आठवते. त्याच गावी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर पाचच महिन्यांच्या आत, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, नाशिक येथे एका वृद्ध ख्रिस्ती भगिनीने देह ठेवला. जातीची भिंत या बाईने पस्तीस वर्षांपूर्वी पलीकडच्या बाजूने ओलांडली होती. संतोष म्हणजे अन्याय मुकाट सोसणे, असे ज्यांना वाटते त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांचे चरित्र जरूर पाहावे, अशी आमची विनंती आहे.

नाशिकजवळील जलालपूर येथे १८६८ साली गोखल्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८५७च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली होती. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आणलेले धान्यही धुवून घेतले जाई. अशा घरातली ही मुलगी बालवयातच कवी नारायण वामन टिळकांच्या संसारात आली. पती विद्वान, प्रेमळ आणि तितकेच लहरी. हाती आलेला पैसा गरजवंताला देऊन ते मोकळे होत, आणि चुलीची चिंता पत्नीकडे राही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. पती जिवंत असून त्या एकट्या पडल्या. लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आधाराने त्यांनी काही वर्षे काढली. पुढे त्या अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पतीकडे गेल्या, तरी स्वयंपाक व पाणी वेगळेच ठेवत. जातिभेद हा देवाने नव्हे, माणसाने निर्माण केला आहे, हे त्यांना पटले ते स्वतःच्या विचाराने. मग मात्र त्यांनी मागे पाहिले नाही. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांची मंडळी प्रॉटेस्टंट होती हे खरे. पण अशी श्रद्धावान आई साऱ्याच मराठी ख्रिस्तजनांची आहे, असे आम्ही मानतो.

दारिद्र्य सुटले नाही. उलट घरात अनाथ मुले आली, प्लेगच्या छावणीत रुग्णांची शुश्रूषाही आली. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. अशा प्रसंगी लक्ष्मीबाई पतीवर रागावल्या, भांडल्या, आणि पुढे हे सारे त्यांनी लपवाछपवी न करता लिहून ठेवले. आम्हांला तेच मोलाचे वाटते. कुरकूर केली तरी त्यांचे मन कडू झाले नाही. संत पौलाने फिलिप्पैकरांना तुरुंगातून लिहिताना म्हटले आहे की, संतुष्ट राहायला तो शिकला. लक्ष्मीबाईही शिकल्याच, जन्मतः त्या काही शांत स्वभावाच्या नव्हत्या.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. पुढची सतरा वर्षे वैधव्याची होती. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या या बाईने उतारवयात ‘स्मृतिचित्रे’ लिहायला घेतली. त्यात उपासमार आहे, ताटातूट आहे, मृत्यू आहेत; तरी वाचकाला पानोपानी हसू येते, आणि बहुधा त्या स्वतःवरच हसत असतात. ज्यांनी घोटभर पाणी दिले त्यांचीही आठवण त्यांनी प्रेमाने ठेवली. पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला.

पतीने प्रभूच्या जीवनावर आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य थोड्याच अध्यायांनंतर अपुरे राहिले होते. त्याचे उरलेले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ते छापून आले १९३८ साली, त्या गेल्यानंतर.