गोंगाटातून निरोप पोचवणारा माणूस

कल्याण पूर्वेला आमच्या मंडळाची छोटीशी अभ्यासिका आहे. घरी एकाच खोलीत पाच-सहा माणसं, अशा मुली तिथे अभ्यासाला येतात. हल्ली निम्मा अभ्यास मोबाइलवर, म्हणून बचत गटाच्या पैशांतून वाय-फाय घेतलं. पण मागच्या खोलीतल्या मुलींचे व्हिडिओ सारखे अडकायचे. जोडणी देणाऱ्यानं सुचवलं की शंभरचा प्लॅन सोडा आणि दोनशेचा घ्या. आम्ही पैसे काढणारच होतो, पण इंजिनीअरिंगला असलेल्या एका मुलीनं आम्हाला थांबवलं. तिनं वहीच्या मागच्या पानावर एक सूत्र लिहिलं आणि त्यावर नाव लिहिलं, शॅनन. हा कोण गं बाई, म्हणून मी शोधायला लागले, आणि त्या माणसाच्या प्रेमातच पडले!

क्लॉड शॅनन यांचा जन्म 30 एप्रिल 1916 रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात झाला. गेलॉर्ड नावाच्या लहानशा गावात ते वाढले. आई भाषा शिकवायची आणि गावच्या हायस्कूलची मुख्याध्यापिका होती. लहानग्या क्लॉडला तारायंत्राचं वेड. अर्ध्या मैलावरच्या मित्राच्या घरापर्यंत त्यानं कुंपणाच्या काटेरी तारेतून निरोप पाठवले. गणित आणि इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग अशा दोन पदव्या घेऊन ते एमआयटीत गेले. 1937 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांनी प्रबंधात दाखवून दिलं की विजेची बटणं चालू-बंद करून तर्काची गणितं सोडवता येतात. आजच्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

1941 साली ते बेल लॅबोरेटरीजमध्ये रुजू झाले. युद्धाच्या काळात गुप्त संदेशांचं काम केलं. त्याच वेळी डोक्यात एक प्रश्न घोळत होता. टेलिफोन असो की रेडिओ, वाटेत खरखर मिसळतेच. मग एखाद्या वाटेनं सेकंदाला जास्तीत जास्त किती माहिती बिनचूक पोचवता येईल? तोवर समजूत अशी होती, की चुका टाळायच्या तर जोरात ओरडा, नाहीतर सावकाश बोला. 1948 मध्ये शॅनन यांचा लेख बेलच्या संशोधनपत्रिकेत दोन भागांत आला आणि ही समजूत पुसली गेली. प्रत्येक वाटेची एक कमाल मर्यादा असते. ती ओलांडता येत नाही, पण तिच्या आत राहिलं तर गोंगाटातूनही निरोप जवळजवळ निर्दोष पोचवता येतो. फक्त तो नीट बांधून पाठवायचा.

बांधून म्हणजे काय? ठाणे स्टेशनवर गाडीची घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होते. गर्दीच्या कलकलाटात एकदा निसटली तरी दुसऱ्यांदा कळतेच. शॅनन यांनी सिद्ध केलं की अशी राखीव भर नुसतं तेच तेच न बोलताही, हुशारीनं घालता येते.

आता ते सूत्र. घाबरू नका, साडीच्या घड्यांसारखं आहे. साडीला दोन घड्या घातल्या की चार थर होतात, चार घातल्या की सोळा, सहा घातल्या की चौसष्ट. सिग्नल गोंगाटाच्या किती पट आहे ते बघायचं, त्यात एक मिळवायचा, आणि तेवढे थर व्हायला किती घड्या लागतात ते मोजायचं. त्या घड्यांना वाटेच्या रुंदीनं गुणायचं. आमच्या वाय-फायच्या वाटेची रुंदी 20 मेगाहर्ट्झ. मागच्या खोलीत सिग्नल गोंगाटाच्या जेमतेम तिप्पट. तीन अधिक एक चार, म्हणजे दोन घड्या. वीस दुणे चाळीस, सेकंदाला 40 मेगाबिट, आणि तेही फार तर! (हा एका अँटेनाचा हिशेब बरं का.) जिथे शंभरच पोचत नव्हते तिथे दोनशेचे पैसे भरून काय होणार?

राउटर लोखंडी कपाटामागे होता. मुलींनी तो मधल्या दारावर, उंचावर लावला. सिग्नल 63 पटीवर गेला, म्हणजे सहा घड्या, 120 मेगाबिट. प्लॅन तोच राहिला, पैसे वाचले. आणखी एक गंमत म्हणजे यापुढे सिग्नलचा जोर दुप्पट केला तरी जेमतेम एकच घडी वाढते. नुसतं ओरडून फारसं साधत नाही, हे घरातही आपल्याला ठाऊक आहेच की!

शॅनन यांचं पहिलं लग्न टिकलं नाही. 1949 मध्ये त्यांनी बेलमध्येच काम करणाऱ्या बेटी मूर हिच्याशी लग्न केलं. बेटी गणिताची पदवीधर. शॅनन यांना लिहायचा कंटाळा, ते सांगत आणि ती लिहून घेई. रहस्यकथेतल्या वाक्यातलं पुढचं अक्षर ओळखायचा खेळ ते तिच्याबरोबर खेळत, आणि भाषेत किती भाग न सांगताच कळतो ते मोजत. 1950 साली त्यांनी चक्रव्यूहातून स्वतः वाट शोधणारा उंदीर बनवला, त्याच्या तारांची जोडणी बेटीनं केली. पुस्तकांत मात्र तिचं नाव फार उशिरा आलं. त्यांना तीन मुलं झाली. 1956 पासून शॅनन एमआयटीत प्राध्यापक होते. एकचाकी सायकल चालवायची, हातात चेंडू झेलत राहायचे, हे त्यांचे छंद.

मर्यादा आहे हे त्यांनी सांगितलं, पण तिथवर पोचायचं कसं ते शोधायला जगाला पुढची पंचेचाळीस वर्षं लागली. 1993 मध्ये फ्रान्समधले संशोधक त्या मर्यादेच्या अगदी जवळ पोचले. आज आपल्या हातातला मोबाइल त्याच वाटेनं चालतो. पण तोवर शॅनन यांना अल्झायमर्सनं गाठलं होतं. माणसाच्या स्मृतीतून निरोपच निसटून गेले. 24 फेब्रुवारी 2001 रोजी ते गेले. आजारपणात बेटीनंच त्यांना सांभाळलं. 2017 साली तीही गेली.

आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर आता ते सूत्र लिहिलंय. खाली मुलींनी दोन नावं लिहिली आहेत, क्लॉड आणि बेटी. दुसरं नाव लिहा, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.