हाफकिन : लसीचे श्रेय आणि न्यायाचा विलंब

१९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि सुरतेहून फुप्फुसाच्या प्लेगच्या वार्ता येऊ लागल्या, तेव्हा मराठवाड्यात एक विसरलेले भय पुन्हा जागे झाले. उंदीर पडू लागताच गाव सोडून शिवारात झोपड्या घालण्याचा तो जुना काळ. त्या काळी मृत्यूच्या लोंढ्यापुढे लसीचा पहिला बांध घालणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांचे नाव मुंबईत परळच्या संस्थेला आहे. परंतु या देशात त्यांच्या वाट्याला काय आले, हे फारच थोड्यांना ठाऊक आहे.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशींचा शोध लावणारे मेच्निकोव्ह हे त्यांचे गुरू. झारच्या रशियात ज्यू माणसाला प्राध्यापकपद दुरापास्त. म्हणून त्यांनी पॅरिसची पाश्चर संस्था गाठली आणि आरंभी तेथे ग्रंथालयाचे काम पत्करले. १८९२ साली पटकीची लस सिद्ध करून त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उसळला, तेव्हा सरकारने त्यांना पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजात अपुऱ्या जागेत, एक कारकून व तीन शिपाई एवढ्या बळावर त्यांनी कार्य आरंभिले.

प्लेग इतका घातक का, याचा उलगडा आज वैद्यकाने केला आहे. पिसवांच्या दंशातून शिरलेले जंतू जांघेतील वा काखेतील ग्रंथीत साठतात व गाठ येते. ते रक्तात पसरले की शरीराची संरक्षणयंत्रणा सर्वत्र एकाच वेळी प्रक्षुब्ध होते. त्या प्रक्षोभात रक्त गोठविणारी यंत्रणाही चेतते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांत असंख्य गुठळ्या होतात, बोटांची टोके काळी पडतात, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. गोठण्याची द्रव्ये अशी खर्ची पडल्यामुळे दुसरीकडे रक्तस्राव आवरेनासा होतो. जखम बुजविणारी शक्तीच घातक ठरते. मात्र शरीराला जंतूंची ओळख आधीच झालेली असेल, तर ते रक्तात माजण्यापूर्वीच त्यांचा बीमोड होऊ शकतो.

गुठळ्यांचा हा उलगडा हाफकिन यांच्या काळी झालेला नव्हता. पूर्व-ओळखीचे महत्त्व मात्र त्यांना पुरते उमगले होते. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले, उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली. न टोचलेल्यांच्या मानाने त्यांच्यात रोगाचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले. त्याच वर्षी पुण्यात शिपायांकरवी घरे तपासण्याचा मार्ग सरकारने धरला आणि लोक रोगाइतकेच सरकारला भिऊ लागले. हाफकिन यांचा भर जबरदस्तीवर नव्हे, संमतीवर होता. १८९९ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेला परळचे जुने सरकारी निवासस्थान मिळाले.

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. इतर बाटल्यांतून टोचलेल्या कोणासही तो झाला नाही. तरीही ठपका आला तो परळच्या प्रयोगशाळेवर, कारण तेथील नव्या पद्धतीत कार्बोलिक आम्ल वगळले होते. हाफकिन यांना पद सोडावे लागले. वस्तुतः गावात बाटली उघडण्यापूर्वी चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. अखेर १९०७ साली त्यांच्यासाठी नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या वृत्तपत्रातून आवाज उठविला. त्यांत रोनाल्ड रॉस होते. निजामाच्या राज्यात, सिकंदराबादेस, हिवतापाच्या जंतूचा डासातील माग काढणारे ते हेच. त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले व कलकत्त्यास रुजू झाले. परंतु मुंबईतील कार्य त्यांना परत मिळाले नाही. १९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

आज देवणीचा शेतकरी पावसाळ्यापूर्वी आपल्या नामांकित गुरांना घटसर्पाची लस टोचून घेतो. मारलेल्या जंतूंकडून शरीराला शत्रूची ओळख करून देण्याचे तत्त्व तिच्यातही तेच आहे. लोकांनी निर्धास्तपणे टोचून घ्यावे, असे वाटत असेल तर अपघातांची चौकशी उघड, त्वरित आणि पूर्वग्रहाविना व्हावयास हवी. मुलकोवालच्या १९ मृतांना त्यांच्या मृत्यूचे खरे कारण वेळेवर समजून घेणारे शासन मिळाले नाही आणि लक्षावधींना लस देणाऱ्या शास्त्रज्ञाची उमेदीची वर्षे वाया गेली. साथीच्या काळात शासनाने प्रक्षोभ आवरून पुरावा पाहावा, एवढा बोध त्यातून घेतला गेला पाहिजे.